मेजाभोवती नसलेली माणसे

बीदरहून औरादकडे जाणाऱ्या वाटेवर जनवाडा हे गाव आहे. या टापूत भाषेची सरहद्द कोणत्या बांधावर सुरू होते आणि कोणत्या बांधावर संपते, हे सांगणे शहाण्या माणसालाही अवघड जाते. बाजारात कानडीत भाव विचारावा, मराठीत घासाघीस करावी, दखनी उर्दूत हिशेब मिटवावा, आणि पूर्वेकडून आलेल्या गाडीवानाशी दोन शब्द तेलुगूत बोलून घ्यावेत, असा येथला परंपरागत व्यवहार. भिन्न माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे, ही विद्या या मुलखाला कोणी शिकविण्याची गरज नव्हती. आणि तरीही ऑगस्ट १९४७ ते सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत, ज्या वाटाघाटींवर या मुलखाचे जीवित अवलंबून होते, त्यांत या माणसांना कोणी एक शब्द विचारला नाही.

हैदराबादचे संस्थान ऐंशी हजारांहून अधिक चौरस मैलांचे होते. १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणे लोकसंख्या एक कोटी त्रेसष्ट लाखांच्या घरात. तेलंगणाचे आठ जिल्हे, मराठवाड्याचे पाच, आणि रायचूर, गुलबर्गा व बीदर हे कर्नाटकाचे तीन. त्यांतही बीदर केवळ नावाने कर्नाटकाचा, कारण त्याच्या पोटात उदगीर, निलंगा, अहमदपूर यांसारखे मराठी तालुके होते आणि पूर्वेला तेलुगू गावे. शंभरांत बारा-तेरा मुसलमान असलेल्या या संस्थानात राजा मुसलमान होता आणि नोकरशाहीत मुसलमानांचाच भरणा होता. जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून जाहीर केले की, इंग्रजांचे सार्वभौमत्व संपताच आपण स्वतंत्र होऊ. त्या क्षणी संस्थानाच्या आत निदान चार सत्ता एकमेकींसमोर उभ्या होत्या: किंग कोठीतला निजाम, कासिम रझवींची इत्तेहाद-उल-मुसलमीन, स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस, आणि तेलंगणात शस्त्र हाती घेतलेले कम्युनिस्ट. यांपैकी कोणीही एक दुसऱ्याच्या वतीने बोलू शकत नव्हता. पण दिल्लीशी बोलण्याचा अधिकार मात्र एकट्या निजामाच्या दरबाराला होता.

दिल्लीने संवाद टाळला, असा आरोप कोणालाही करता येणार नाही. इतर बहुतेक संस्थाने १५ ऑगस्टपूर्वी सामील झाली. हैदराबादला विचार करण्यासाठी दोन महिन्यांची मुदत वाढवून दिली गेली. माउंटबॅटन आणि संस्थान-खात्याचे व्ही. पी. मेनन यांच्यासमोर छतारीचे नवाब, कायदेपंडित सर वॉल्टर माँक्टन, सर सुलतान अहमद अशी वजनदार मंडळी बसत होती. विलीनीकरणाचा शब्द बाजूला ठेवून एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार करावा, असे ठरत आले. निजामाच्या कार्यकारी मंडळाने, म्हणजे बाब-ए-हुकूमतीने, तो मसुदा तीनाविरुद्ध सहा मतांनी मान्य केला. निजामाने होकार दिला; सही तेवढी राहिली.

ती राहिलेली सही महाग पडली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शिष्टमंडळ दिल्लीस निघायचे होते. त्या पहाटे तीनच्या सुमारास इत्तेहादच्या हजारोंच्या जमावाने छतारी, माँक्टन आणि सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला. विमान गेले नाही, करार गेला नाही. निजामाने जमावापुढे मान तुकविली, छतारींनी नोव्हेंबरच्या आरंभी पद सोडले, आणि नवे शिष्टमंडळ नेमण्यात आले. विशेष हे की, या नव्या शिष्टमंडळाने महिन्याभराने, २९ नोव्हेंबरला, जो करार पदरात पाडून घेतला, तो जुन्याच मसुद्याहून फारसा निराळा नव्हता! करारातली कलमे जवळजवळ तीच राहिली, पण राज्यात निर्णय कोण घेतो ते त्या एका पहाटेने बदलून टाकले. यापुढे सदर-ए-आझम कोणीही असो, रस्त्यावरच्या जमावाची परवानगी घेतल्याशिवाय त्याला बोलता येणार नव्हते.

बीदरच्या माणसाला हा प्रकार ऐकून महमूद गवानची आठवण झाली असेल तर नवल नाही. इराणातील गिलानहून आलेला हा बहमनी वजीर. त्याने १४७२ साली बांधलेला मदरसा बीदरमध्ये आजही उभा आहे. त्याच्या काळी दरबार दखनी आणि आफाकी अशा दोन पक्षांत चिरला होता. गवान स्वतः आफाकी, परदेशी. परंतु त्याने सुभे आणि अधिकार दोन्ही पक्षांत तोलून वाटले, चार मोठ्या सुभ्यांचे आठ केले, कोणाही एकाच्या हाती फार बळ राहू दिले नाही. तोल सांभाळणाऱ्याचा दोन्ही पारड्यांना राग येतो. १४८१ मध्ये बनावट पत्र दाखवून सुलतानाकडून त्याचा शिरच्छेद करविण्यात आला, आणि पुढे थोड्याच काळात बहमनी राज्याची पाच शकले झाली. छतारीही बाहेरून, उत्तर प्रदेशातून आलेले. त्यांचा जीव वाचला, एवढाच फरक.

आता ‘जैसे थे’ करारावर सही झाली तेव्हा मेजाभोवती कोण नव्हते, ते पाहिले पाहिजे. स्वामी रामानंद तीर्थ नव्हते. ते तुरुंगात होते. कर्नाटकात जन्मलेला हा संन्यासी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर आंबेजोगाईस मुलांना शिकवीत असे. मराठवाड्याच्या एका पिढीला राजकारणाची पहिली इयत्ता त्याच्या वर्गात भेटली. त्यांच्या अटकेला साडेतीन महिने झाले होते. कराराच्या दुसऱ्या दिवशी त्यांना सोडण्यात आले. म्हणजे ज्यांच्या नावाने हजारो लोक सत्याग्रह करीत होते, शिंदीची झाडे तोडून तुरुंगात जात होते, पटेल-पटवारकीचे राजीनामे देत होते, त्यांना करार झाल्याची बातमी बाहेर येऊन वाचावी लागली. पुढे दोन महिनेही झाले नाहीत तोच, २६ जानेवारी १९४८ रोजी, ते पुन्हा गजाआड गेले आणि पोलीस कारवाई होईपर्यंत तेथेच राहिले.

आणि त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी कासिम रझवी कोठले? लातूरचे वकील. आंबेजोगाईचा शिक्षक आणि लातूरचा वकील! एकाच टापूतली ही दोन गावे, एकच ऊन, एकच ज्वारी. या दोघांना समोरासमोर बसवून बोलते करण्याचा प्रयत्न निजामसरकारने केला नाही, आणि दिल्लीनेही त्याचा आग्रह धरला नाही. कोणी म्हणेल, रझवी बोलण्याजोगा माणूसच नव्हता. त्यांची भाषणे वाचली तर हे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे. परंतु १९४६ च्या अखेरीपर्यंत ते संघटनेचे अध्यक्षही नव्हते. संवादाची वेळ त्याच्या आधीची होती, आणि ती निजामाच्या सरकारने आपल्या हाताने दवडली होती.

कारण आपल्याच प्रजेशी बोलण्याची या सरकारची रीत विलक्षण होती. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होण्याच्या बेतात असतानाच तिच्यावर बंदी आली. मूल जन्माला येण्यापूर्वीच त्याला हद्दपार करण्यासारखे हे झाले. त्याच वर्षी आर्य समाजाचे उदगीरचे वकील भाई शामलाल यांचा बीदरच्या तुरुंगात मृत्यू झाला. १९३९ मध्ये सुधारणा जाहीर झाल्या. त्यांतल्या विधिमंडळात बहुसंख्य हिंदू आणि अल्पसंख्य मुसलमान यांना सारख्या जागा, आणि मंत्री कोणालाही जबाबदार नाहीत. स्टेट काँग्रेसवरील बंदी उठायला १९४६ उजाडावे लागले. आठ वर्षे ज्याचे तोंड बांधून ठेवले, तो बोलू लागताच सौम्य बोलेल, ही अपेक्षा करणारे राज्यकर्ते केवळ हैदराबादेतच होऊन गेले असे मात्र नव्हे.

छतारींच्या नंतर आलेले मीर लायक अली हे उद्योगपती, हिशेबी माणूस. त्यांनी निरनिराळ्या गटांना मंत्रिमंडळात घेण्याचे धोरण ठेवले. दलित नेते बी. एस. वेंकटराव त्यांच्या मंत्रिमंडळात आले. दुसरे दलित नेते श्यामसुंदर पुढे संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या शिष्टमंडळात होते. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला सवर्ण हिंदूंच्या राजकारणावर विश्वास ठेवण्याचे कारण नव्हते, हे ध्यानात घेतल्याखेरीज या गोष्टीचा न्याय करू नये. तथापि डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच स्पष्ट शब्दांत बजावले होते की, अनुसूचित जातींनी निजामाची आणि इत्तेहादची बाजू घेऊ नये. त्याच मंत्रिमंडळातील जे. व्ही. जोशी यांनी खेड्यांतले अत्याचार पाहून राजीनामा दिला. मे १९४८ मध्ये निजामसरकारने कम्युनिस्ट पक्षावरील बंदीही उठविली. वरवर पाहता हा सर्वांशी संवाद वाटेल. वस्तुतः प्रत्येकाला एकेक खुर्ची किंवा एकेक सवलत देऊन मूळ प्रश्नापासून, म्हणजे प्रजेच्या मतापासून, दूर ठेवण्याची ती युक्ती होती.

इकडे खेड्यांत काय चालले होते? मुंबई प्रांत आणि मध्यप्रांत यांच्या सरहद्दीवर स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले होते. तेथून निजामाच्या करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले होत. रझाकार त्याचा सूड सरहद्दीवर न उगवता गावांवर उगवीत. बीदर जिल्ह्यातील गोरटा या गावी मे १९४८ मध्ये रझाकारांनी केलेल्या कत्तलीत दोनशेच्या आसपास माणसे गेल्याचे सांगतात. हैदराबादहून सोलापूरला जाणारी माणसे, आणि सरहद्द ओलांडून आप्तांकडे निघालेली कुटुंबे, हा त्या उन्हाळ्यातला नित्याचा देखावा झाला. हिंदुस्थानने कराराच्या भंगाबद्दल हैदराबादला दोष द्यावा: पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज का दिले, हिंदी चलन का रोखले? हैदराबादने उलट म्हणावे: आमची औषधे, आमचे पेट्रोल का अडविले? हिंदुस्थानचे प्रतिनिधी कन्हय्यालाल मुन्शी आणि लायक अली यांच्यात भेटी होत, पत्रे जात, खुलासे येत. कागदांवर क्रमांक वाढत होते, आणि खेड्यांत प्रेते.

तरीही जून १९४८ मध्ये एक क्षण असा आला की, हे सारे टळले असते. नव्या मसुद्यात विलीनीकरणाचा प्रश्न लोकमतावर सोडण्यास दिल्ली तयार झाली होती. निजामाने जबाबदार राज्यपद्धती आणावी, त्याच्या सैन्याला मर्यादा असावी, रझाकार टप्प्याटप्प्याने विसर्जित व्हावेत, असे त्याचे स्वरूप. देहरादूनला आजारपणात विश्रांती घेत असलेल्या सरदार पटेलांना हा मसुदा फारच सैल वाटत होता; माउंटबॅटन स्वतः तेथे गेले, आणि सरदारांनी मनाविरुद्ध त्याला मान्यता दिली. इतकी उदार अट पुन्हा येणार नाही, असे माँक्टनसारखा निजामाचा स्वतःचा सल्लागारही मानीत होता. निजामाकडून ऐनवेळी नवे मुद्दे निघाले आणि मसुदा पडला. २१ जूनला माउंटबॅटन हिंदुस्थान सोडून गेले. येथे निजामाच्या हट्टाला दोष देणे सोपे आहे, आणि तो दोष त्यांचाच आहे. परंतु २७ ऑक्टोबरच्या पहाटेनंतर त्यांना सही करण्याचे स्वातंत्र्य कितपत उरले होते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. ज्या शक्तीला त्यांनी दिल्लीवर दडपण आणण्यासाठी वाढू दिले, तिच्याशीच बोलण्याची धमक त्यांच्यात राहिली नव्हती.

ती धमक इतर काही मुसलमानांनी दाखविली, हे आवर्जून सांगितले पाहिजे. कारण पुष्कळ वर्णनांतून ही माणसे गळून जातात. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या सात प्रतिष्ठित मुसलमान नागरिकांनी, संस्थानाने हिंदुस्थानात सामील व्हावे, असे निवेदन उघडपणे केले. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध निर्भयपणे लिहिले. २१ ऑगस्टच्या रात्री कचेरीतून घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला, त्यांचा हात तोडण्यात आला, आणि ते प्राणाला मुकले. दिल्ली आणि किंग कोठी यांच्यामध्ये जो संवाद वर्षभर अडून बसला होता, तो एका सामान्य संपादकाने आपल्या पत्राच्या चार स्तंभांत करून दाखविला होता.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी जनरल जे. एन. चौधरी यांचे सैन्य सोलापूर-हैदराबाद रस्त्याने आत शिरले. १७ तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली. रणांगणावरचा हिशेब पाच दिवसांत आटोपला. पुढचा हिशेब मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा दिसत नाही. सैन्य पुढे गेल्यावर मागे राहिलेल्या गावांत सूड सुरू झाला, आणि तो ज्यांच्यावर उगवला गेला, त्यांतले बहुसंख्य रझाकार नव्हते. ‘प्रत्येक मुसलमान राज्याचा भागीदार’ हे इत्तेहादचे तत्त्वज्ञान होते. बीदर किंवा गुलबर्ग्याच्या विणकराला, पिंजाऱ्याला, टांगेवाल्याला त्या राज्याचा कोणता वाटा मिळाला होता? वाटा मिळाला तो सप्टेंबरात, मार खाताना.

पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या मंडळाने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरून चौकशी केली. त्यांच्या अंदाजाप्रमाणे पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वांत अधिक हानी झालेले चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. त्याच अहवालात आधीच्या रझाकारी अत्याचारांचीही नोंद आहे, आणि शेजारच्या मुसलमानांना वाचविताना स्वतः जिवावर उदार झालेल्या हिंदूंचीही आहे. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. अभ्यासकांना दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो सहजपणे पाहता येऊ लागला तो २०१३ च्या सुमारास. जे घडले ते बोलून दाखविण्यासही पासष्ट वर्षे लागली.

मेजाबाहेर राहिलेला चौथा पक्ष म्हणजे कम्युनिस्ट. त्यांचा लढा पोलीस कारवाईनंतरही चालू राहिला. आता तो नव्या सरकारशी होता, आणि तीन वर्षे दोन्ही बाजूंनी रक्त सांडले. एप्रिल १९५१ मध्ये विनोबा भावे हैदराबादला आले. त्यांनी प्रथम तुरुंगात जाऊन कम्युनिस्ट कैद्यांची भेट घेतली, आणि मगच तेलंगणाची वाट धरली. १८ एप्रिलला पोचमपल्लीच्या दलितांना त्यांनी विचारले की, तुम्हांला काय हवे? ‘ऐंशी एकर जमीन’ असे उत्तर आले, आणि सभेत बसलेल्या एका जमीनदाराने उठून शंभर एकर दिली. भूदानाने तेलंगणाचा प्रश्न सुटला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु सर्व वाटाघाटींत कोणी न विचारलेला तो साधा प्रश्न विचारला गेला, आणि त्याचे उत्तर किती नेमके होते! त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सशस्त्र लढा मागे घेण्यात आला. पुढच्या निवडणुकीत नलगोंड्याचे रावी नारायण रेड्डी पंडित नेहरूंपेक्षाही अधिक मते घेऊन लोकसभेत गेले. गुलबर्ग्याहून स्वामी रामानंद तीर्थ गेले. तुरुंग भोगलेले आणि भूमिगत राहिलेले आता एकाच सभागृहाचे सभासद होते.

बीदर जिल्ह्याविषयी आणखी एकदा वाटाघाटी झाल्या. १९५५ मध्ये राज्यपुनर्रचना आयोगाने सुचविले की, बीदर जिल्हा तेलुगू भाषिक हैदराबाद राज्यातच ठेवावा. ते कोणालाच रुचले नाही, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्ह्याचे तीन वाटे झाले: बीदर, भालकी, हुमनाबाद व औराद म्हैसूरला, उदगीर, निलंगा व अहमदपूर मुंबई राज्याला, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रला. भालकी-औरादकडील मराठी गावांविषयीचा महाराष्ट्राचा दावा राहिला. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने तो मिटला नाही. या वेळी मात्र रेषेवरून मतभेद झाले तरी गोरट्यासारखे काही घडले नाही. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, कज्जा न्यायालयात गेला.

१९४७-४८ च्या प्रमुख पात्रांनी पुढे आपापल्या बाजू लिहून ठेवल्या. मेनन यांचे पुस्तक १९५६ चे, मुन्शींचे १९५७ चे, मार्च १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेलेल्या लायक अलींचे १९६२ चे, आणि स्वामीजींच्या आठवणी १९६७ च्या. चारही एका फळीवर ठेवून वाचावीत. ज्यांना एका खोलीत बसविता आले नाही, ती माणसे निदान पुस्तकांच्या कपाटात तरी शेजारी शेजारी बसतात. जनवाड्याच्या बाजूने कोणी पुस्तक लिहिले नाही. तेथली आठवण घराघरांत आहे. एका घरात ती उन्हाळ्याची आहे, शेजारच्या घरात सप्टेंबरची, आणि ती दोन घरे एकाच विहिरीचे पाणी भरीत आली.

१७ सप्टेंबर हा दिवस त्या जुन्या जिल्ह्यात आजही पाळला जातो. उदगीरला तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो. बीदरला २०१९ पासून तो कल्याण कर्नाटकाचा उत्सवदिन आहे. जहीराबादेस, तेलंगणात, २०२२ साली राज्य सरकारने त्याला राष्ट्रीय एकात्मता दिन म्हटले, तर त्याच दिवशी केंद्र सरकारने हैदराबादेत तो मुक्तिदिन म्हणून साजरा केला; दोन सरकारांचे दोन सोहळे एकाच शहरात, एकाच सकाळी, निरनिराळ्या मैदानांवर झाले.